‘तीन’ कोणी म्हणायचं? मणक्याला मार लागलेल्या माणसाला घरी आणताना

धाकट्या भावाला घरी आणलं त्या दिवशी गाडीतून खाटेवर न्यायला आम्ही चौघे होतो. बाबा, मी आणि शेजारचे दोघे. एकजण म्हणाला, "उचला." बाबा म्हणाले, "थांबा रे." तोवर मी पाय उचललेही होते. तो मधेच दुमडला आणि चादरीवरून घसरत कसाबसा खाटेवर पोचला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी एक-दोन-तीन मी म्हणणार. तीन म्हटल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

याला आता नऊ वर्षं झाली. दुचाकीच्या अपघातात त्याची मान मोडली. डॉक्टरांच्या भाषेत सी-६, म्हणजे मानेचा सहावा मणका. खांदे आणि कोपर चालतात, मनगट वर उचलता येतं, बोटं चालत नाहीत. छातीखालचं काही हलत नाही आणि कळतही नाही. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही ज्या चुका केल्या त्या तुमच्या घरी होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मुख्यतः मणक्याच्या दुखापतीबद्दल लिहिलं आहे, पण पक्षाघात झालेल्या आईवडिलांना सांभाळणाऱ्यांना आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरच्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे सांगितलं आहे. औषध आणि त्याचं प्रमाण मात्र डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

डिस्चार्जच्या आधीचे चार दिवस

हे दिवस बिलं आणि गाडीच्या धावपळीत घालवू नका, शिकण्यात घालवा. घरी जे जे करावं लागणार आहे, ते नर्सच्या किंवा फिजिओच्या डोळ्यांसमोर आपल्या हाताने निदान तीन वेळा करून बघा: कूस बदलणं, लघवीची नळी, पोट साफ करणं, खाटेवरून खुर्चीत घेणं. नुसतं बघून येत नाही. घरातल्या दोघांनी शिका. एकटीने शिकलात तर पुढे तुम्हाला ताप आला तरी सुट्टी नाही.

एक वही घ्या आणि त्यात लिहून घ्या: दुखापत नेमकी कुठल्या मणक्याला, पूर्ण की अपुरी, नळी कुठल्या नंबरची आणि कधी बदलली, मानेचा किंवा कमरेचा पट्टा किती आठवडे आणि झोपतानाही का, किती अंशांपर्यंत बसवायला परवानगी आहे, आणि नेहमीचं ब्लडप्रेशर किती. हा शेवटचा आकडा का हवा ते पुढे येईल. शिकवत असताना परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. रात्री दोन वाजता आठवण दगा देते, व्हिडिओ देत नाही.

आमच्या उत्तर गोव्यातल्या माणसाला बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आणि म्हापशाचं जिल्हा रुग्णालय जवळ, दक्षिणेकडच्यांना मडगाव. नुसतं पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्थेत काही आठवडे राहून शिकायची ऐपत आणि सवड असेल तर ते जरूर करा. मुंबईला हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा पुनर्वसन विभाग डॉ. मेरी वर्गीस यांनी उभा केला. १९५४ मध्ये अपघातात त्यांच्या स्वतःच्या कमरेखालची शक्ती गेली होती, आणि नंतर खुर्चीत बसूनच त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. धाकट्याला मी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली, तेव्हा तो चिडला. तशा गोष्टी ऐकायचीही वेळ यावी लागते.

घर: आधी दार मोजा

जुनी घरं चिऱ्याची आणि जोत्यावर उंच. अंगणातून सोप्यावर यायला तीन पायऱ्या, मग उंबरठा, मग मागच्या बाजूला दोन पायऱ्या उतरून न्हाणी. पाय असलेल्यांसाठी बांधलेलं घर!

उताराचा हिशेब सोपा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार. एवढी सरळ जागा अंगणात नसेल तर मधे सपाट जागा सोडून काटकोनात वळवा. घाईघाईने फळी टाकून केलेला खडा उतार वापरू नका. चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना धरणाऱ्याच्या हातून सुटते. वरून कोबा गुळगुळीत करू नका. मिस्त्री आग्रह करेल, त्याला ते छान दिसतं, पण जुलैत त्यावर शेवाळ धरलं की तुम्हीच खुर्चीसकट घसराल. झाडूने रेघा मारून खरखरीत ठेवायला सांगा आणि दोन्ही कडांना चार इंचांची बांध घाला.

दार निदान ३२ इंच मोकळं हवं. कमी पडत असेल तर आधी चौकट फोडू नका. दाराचा पाल्ला काढून पडदा लावला की दीड-दोन इंच मिळतात. खोलीत खुर्ची फिरवायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा ठेवा. कपाट बाहेर गेलं तर जाऊ दे.

खाट कुठे ठेवायची यावर आमच्याकडे वाद झाला. आईला मागची खोली हवी होती, शांत आणि पाहुण्यांच्या नजरेआड. धाकट्याने सोप्याला लागून असलेली खोली मागितली, जिथून रस्ता दिसतो आणि सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो. तीच योग्य निघाली. मागच्या खोलीत ठेवलेला माणूस घरातल्या निर्णयांतूनही मागे जातो. खाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहता आलं पाहिजे, आणि गादीसकट तिची उंची व्हीलचेअरच्या सीटएवढी, म्हणजे १८ ते २० इंच हवी. सुताराकडून पाय कापून किंवा ठोकळे लावून ती साधता येते.

न्हाणीसाठी चाकांची कमोडची खुर्ची घ्या. मऊ सीटची. टणक प्लास्टिकवर वीस मिनिटं बसलं तरी कातडी जाते. पाण्याची ऊब ज्याला कळते त्याने कोपराने तपासायची, मगच अंगावर घ्यायचं.

कातडी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपण एका जागी बसलो की हाडाखाली कातडी दबते, रक्त अडतं, मुंग्या येतात आणि आपण सरकतो. झोपेतसुद्धा कूस बदलतो. त्याला तो निरोपच पोचत नाही. दोन-चार तासांत आतलं मांस मरू लागतं आणि वरून नुसता लाल ठिपका दिसतो. म्हणून बेडसोर दिसतो त्याहून आत मोठा असतो.

पहिले महिने दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. रात्रीही. गजर लावून आळीपाळीने उठा, आणि वेळापत्रक भिंतीवर त्याला दिसेल असं लावा. पुरती कुशीवर ढकलू नका. पाठीमागे उशी देऊन तीस अंश कललेला ठेवा म्हणजे कमरेचं हाड आणि मांडीच्या बाजूचं हाड दोन्ही सुटतात. गुडघ्यांच्या मधे एक उशी. पोटऱ्यांखाली एक, जेणेकरून टाचा हवेत राहतील. डोक्याकडची बाजू उंच करून तासन्‌तास ठेवू नका. माणूस खाली घसरत राहतो आणि माकडहाडावरची कातडी आतल्या आत ओढली जाते. कातडी टिकते आहे असं दिसलं की डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ हळूहळू वाढवता येते. आम्हाला चौथ्या महिन्यात चार तासांची सलग झोप मिळाली. त्या सकाळचा चहा मला अजून आठवतो.

दिवसातून दोनदा सगळं अंग बॅटरीच्या उजेडात बघायचं: माकडहाड, बसायची दोन हाडं, मांड्यांच्या बाजू, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, नळी टेकते तिथली मांडी. लाली दिसली तर बोटाने दाबा. पांढरी होऊन परत लाल झाली तर रक्त फिरतं आहे. दाबूनही तशीच राहिली तर पूर्ववत होईपर्यंत त्या जागेवर वजन अजिबात टाकायचं नाही, मग खुर्चीतलं बसणं दोन दिवस बंद झालं तरी चालेल. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे काळसर-जांभळट छटा बघायची आणि हाताची पालथी बाजू लावून बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, घट्ट लागतं का.

आणि मोबाईलने फोटो काढून त्याला दाखवा. त्याची पाठ त्याची आहे. धाकटा आता फोटो बघून आमच्याआधी सांगतो, "डाव्या बाजूचं कालच्यापेक्षा गडद आहे."

चादरीला सुरकुती नको, अंथरुणात उंड्याचा (पावाचा) चुरा नको, खिशात नाणं नको. एकदा फोनच्या चार्जरवर तो रात्रभर झोपला होता. ती जखम भरायला अडीच महिने लागले.

एअर मॅट्रेस घ्या, पण ती आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका. दुकानात बसायला गोल भोकाची रबरी चकती देतील, ती घेऊ नका. भोकाच्या कडेला दाब वाढतो आणि मधलं रक्त अडतं. लाल जागेला तेल लावून चोळू नका, खालचं मांस आधीच नाजूक झालेलं असतं. उघड्या जखमेवर हळद, राख किंवा पावडर काहीही घालू नका. काळी खपली, वास, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

खुर्चीत बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकवून बसायच्या हाडांवरचं वजन काढायचं, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. अर्धं मिनिट पुरत नाही.

लघवी आणि शौच: लाज पहिल्या आठवड्यातच सोडा

बहीण भावाची नळी कशी घालणार, हा प्रश्न आमच्या घरात आला होता. उत्तर धाकट्यानेच दिलं: नळी बाबा आणि मी, शौचाचं फक्त बाबा, आणि त्या वेळी दार बंद. तुमच्या घरी उत्तर वेगळं असेल. मात्र ज्याचं अंग आहे त्याला विचारून ठरवा.

कायमची नळी असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने नळी ओढली जाते. नळी मांडीला चिकटवून ठेवा. बदलायची तारीख भिंतीवर लिहा. दर काही तासांनी तात्पुरती नळी घालून लघवी काढायची पद्धत डॉक्टरांनी सांगितली असेल तर तीच बहुतेकांसाठी जास्त चांगली. लॅपिडिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. साबणाने धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि वेळेची शिस्त पुरते. साधारण चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही. त्याहून जास्त निघत असेल तर वेळ जवळ आणा. पाणी कमी पाजणं हा त्यावरचा उपाय नव्हे. दिवसभरात किती प्यायला आणि किती निघालं हे पहिले काही आठवडे वहीत लिहा.

लघवीच्या तपासणीत जंतू निघाले म्हणून दर वेळी अँटिबायोटिक सुरू करू नका. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बऱ्याचदा असतातच. ताप, थंडी, झटके येऊन नेहमीपेक्षा जास्त पाय उडणं, गढूळ आणि उग्र वासाची लघवी अशी लक्षणं असतील तर मात्र लगेच. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निबर होतात आणि खरी वेळ येते तेव्हा औषध चालत नाही.

शौचासाठी ठरलेली वेळ हेच औषध. खाल्ल्यावर अर्ध्या तासात आतडी आपसूक हलतात, त्याचा फायदा घ्या. आमच्याकडे सकाळची पेज झाली की वीस मिनिटांनी. डाव्या कुशीवर किंवा कमोडच्या खुर्चीत, ग्लोव्हज आणि जेली, मग डॉक्टरांनी सांगितलेली गुदद्वारात ठेवायची गोळी किंवा बोटाने हलका चाळा. दुखापत मणक्यात वर असेल तर आतडी अशा चाळ्याला दाद देतात. अगदी खाली असेल तर देत नाहीत आणि मळ बोटाने काढावा लागतो. तुमच्याकडे कुठला प्रकार ते डिस्चार्जच्या आधीच विचारा. रोज किंवा एक दिवसाआड, पण त्याच वेळेला. लग्न असो, पाहुणे असोत. बसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर अपघात होतात. चादर धुवायची आणि पुढे जायचं, त्यावर चेहरा करायचा नाही.

एक धोका, जो घरच्यांनाच ओळखावा लागतो

छातीच्या सहाव्या मणक्याला (टी-६) किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांसाठी हे आहे. खाली कुठेतरी काही टोचतं, अडतं, भरतं: लघवीची नळी वळली, मळ साचला, पायाच्या बोटाचं नख मांसात रुतलं, चप्पल घट्ट झाली. त्याला ते कळत नाही, पण शरीराला कळतं आणि ब्लडप्रेशर एकदम उसळतं. घणाचे घाव बसावेत तसं डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो, नाक चोंदतं, नाडी मंदावते, अंगावर काटा येतो.

अशा वेळी झोपवू नका, ताबडतोब ताठ बसवा आणि पाय खाली सोडा. पट्टे, पायजम्याची नाडी, मोजे सैल करा. मग कारण शोधा, आधी लघवी: नळी वळली आहे का, पिशवी भरली आहे का, नळीच नसेल तर घालून मूत्राशय रिकामं करा. मग पोट, मग कातडी आणि कपडे. दर दोन-तीन मिनिटांनी प्रेशर बघा. कारण मिळत नसेल किंवा प्रेशर उतरत नसेल तर १०८.

आता वहीतला तो आकडा. मान मोडलेल्या माणसाचं वरचं प्रेशर एरवी ९० ते ११० च्या आसपास असतं. त्यापेक्षा वीस-चाळीसने वाढलं की तो धोका, म्हणजे १४० सुद्धा. हा प्रकार रोज न बघणाऱ्या डॉक्टरला १४० साधं वाटू शकतं. आम्हाला एकदा तपासणीच्या टेबलावर आडवं झोपवून "टेन्शन घेऊ नका" म्हणून सांगितलं गेलं. तेव्हापासून त्याच्या पाकिटात एक कार्ड आहे: दुखापतीची पातळी, नेहमीचं प्रेशर, "मला बसवा, नळी तपासा." आणि त्याला ते तोंडपाठ आहे, कारण आम्ही जवळ नसू तेव्हा ते त्यानेच सांगायचं आहे.

एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजला, गरम लागला किंवा अचानक धाप लागली तरीही थांबू नका. रक्ताची गुठळी असू शकते.

हलवणं, वळवणं, उचलणं

दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा सावकाश, त्याच्या पूर्ण फेऱ्यात हलवायचा. पाय उडू लागला तर जोर लावू नका. धरून ठेवा, सैल पडेपर्यंत थांबा. संवेदना नसल्याने "दुखतंय" असं कोणी सांगणार नाही, आणि न वापरलेली हाडं ठिसूळ होत जातात. "नस मोकळी करून देतो" म्हणणारे मालिशवाले आमच्याही दारात आले होते. एकाला चहा पाजून पाठवलं. दुसऱ्याला आईने आत घेतलं, मग ती आणि मी दोन दिवस बोललो नाही.

सी-६ वाल्यांसाठी एक गोष्ट, जी फार थोडे लोक सांगतात. मनगट वर केलं की बोटं आपोआप थोडी मिटतात, आणि त्या मिटण्यात चमचा, पेला, फोन धरता येतो. पण त्यासाठी बोटांचे स्नायू किंचित आखूड राहायला हवेत. मनगट मागे वळवलेलं असताना बोटंही सरळ ताणली तर ती पकड कायमची जाते. म्हणून मनगट वर असताना बोटं मिटलेली, बोटं सरळ करायची तर मनगट खाली. प्रेमाने रोज बोटं चापून सरळ करणाऱ्या नातेवाइकांना हे आधी सांगा. धाकटा आज स्वतः सोलकढीचा पेला धरतो तो या एका सूचनेमुळे.

खाटेवरून खुर्चीत: खुर्ची खाटेला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, खुर्चीची पायठेवणी आणि खाटेकडचा हात ठेवायचा दांडा काढा. त्याला कडेला बसवा, दोन्ही तळवे जमिनीवर. तुमचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना बाहेरून टेकलेले, पाठ सरळ, वाकायचं ते गुडघ्यांत. काखेत हात घालून ओढू नका, कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरा. त्याला पुढे वाकू द्या. वजन पुढे आलं की बूड आपोआप हलकं होतं. मग त्याचं एक, दोन, तीन. ज्यांचे हात बळकट आहेत त्यांना सरकफळी लागते, दोन-अडीच फुटांची, घासून गुळगुळीत केलेली, कडा गोल. आपला सुतार करून देतो. त्यावरून उघड्या कातडीने सरकायचं नाही.

पहिले काही दिवस उठवून बसवताच डोळ्यांपुढे अंधारी येईल. डोकं थोडं थोडं उंच करत न्या, पोटाला पट्टा बांधा. खुर्चीत चक्कर आली तर खुर्ची मागे कलती करून धरा.

पक्षाघातात मेलेला हात धरून माणसाला कधीही ओढू नका, खांदा निखळतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावा. आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. परवानगी मिळाली की ताठ बसवून, लहान घास, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून. पाणी पिताना ठसका किंवा जेवल्यावर ओलसर, घरघरता आवाज आला तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा.

व्हीलचेअर मापाची घ्या. दोन्ही मांड्यांच्या बाजूला सरळ तळहात जाईल एवढीच जागा, गुडघ्यामागे सीटच्या कडेपासून दोन-तीन बोटं. रुग्णालयात असते ती रुंद खुर्ची कोणाच्याच मापाची नसते, तिच्यात माणूस कलतो आणि पाठीला बाक येतो. उशी खुर्चीइतकीच महत्त्वाची. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला, तिथे धाकट्याने पहिल्यांदा स्वतःसारखी इतकी माणसं एका ठिकाणी पाहिली. परत येताना भाषणांबद्दल एक शब्द बोलला नाही. सगळी वाट उशांबद्दल बोलत होता.

ऊन आणि पाऊस

मानेची दुखापत असली की खालच्या अंगाला घाम येत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये अंग चटकन तापतं. ओला पंचा, पाण्याचा फवारा, पंखा, आणि दुपारी बाहेर नाही. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गाडी उन्हात ठेवली तर परतल्यावर आधी सीट आणि खुर्चीचं लोखंड हाताने तपासा. गरम पाण्याची पिशवी घरातच ठेवू नका. मांडीवर चहाचा कप नाही, तापलेला फोनही नाही.

जून उजाडायच्या आत चादरी दुप्पट करा, कारण पावसात वाळत नाहीत आणि दमट चादर कातडी खाते. जुन्या सुती साड्यांच्या आडव्या चादरी उत्तम. माणूस सरकवायलाही त्याच कामी येतात. वीज गेली की एअर मॅट्रेस बसते आणि तो खाटेच्या फळीवर येतो, म्हणून तिच्याखाली चार इंचांचा फोम आणि शक्य असेल तर इन्व्हर्टर. बोटांच्या बेचक्या आणि जांघा पुसून कोरड्या ठेवा. चाकांच्या बेअरिंगला तेल, नाहीतर खारी हवा आणि तांबडी माती दोन पावसाळ्यांत खुर्ची खातात. डिचोली-साखळीकडे नदीचं पाणी चढतं हे आम्ही जाणतो. नळ्या, ग्लोव्हज, आठवड्याची औषधं आणि वही एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगलेली असते.

कागद

आधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त लागतात. त्यावर गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक साहाय्य मिळतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नसेल तर काढा. तिच्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक असतील तर चार लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वेगळी, वर्षाला एक लाखापर्यंतची. नुसत्या मणक्याच्या दुखापतीला ती लागू नाही, आम्ही उगाच एक दिवस घालवला. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, आणि सहीऐवजी अंगठा लागणार असेल तर ते आधीच कळवा.

सांभाळणाऱ्याने काय करायचं

आठवड्यातून एक दुपार घराबाहेर. मी फोंड्याला मैत्रिणीकडे जायचे आणि नुसती झोपायचे. पाठ दुखू लागली तर अंगावर काढू नका. तुमची पाठ गेली की दोन खाटा लागतील.

तो चिडेल, गप्प बसेल, जेवण परत पाठवेल. काही आठवडे ते चालायचंच. पण "मी नसतो तर बरं" असं बोलू लागला, झोप आणि खाणं दोन्ही गेलं, तर समजूत घालत बसू नका, मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. त्यालाही औषध असतं.

लोक त्याच्यासमोर तुम्हाला विचारतील, "हा आता जेवतो का?" उत्तर देऊ नका. त्याच्याकडे बघा. दोन-तीनदा असं झालं की लोक शिकतात.

गेल्या गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना बाबा शिडीवर, मी खाली फळं देत होते, आणि हा खुर्चीतून हुकूम सोडत होता. कवंडळं मधे नकोत, सुपारीचा घोस डावीकडे, अजून वर, अजून. दर अर्ध्या तासाने मी त्याच्या खांद्यांना धरून त्याला पुढे वाकवते. तेवढी दोन मिनिटं बाबा शिडीवर घोस हातात धरून थांबतात, आणि तो वाकल्या वाकल्याच सांगत असतो, "ताई, नारळ राहिला."